सौर पॅनल घरी बनवावे का?

वीजबिल वाढले की माणसाची नजर गच्चीकडे जाते. वर्षातले आठ-नऊ महिने तिथे ऊन नुसते पडून असते आणि खाली मीटर पळत असतो. सौर यंत्रणा बसवणाऱ्याने सांगितलेला दीड-दोन लाखांचा आकडा ऐकला की पुढचा विचार ओघानेच येतो. सिलिकॉनचे सेल सुटे मिळतात, त्यांना जोडायची पट्टी मिळते, काच आणि अॅल्युमिनियमची चौकट तर जवळच्या दुकानात कापून मिळते. मग पॅनल घरीच का बनवू नये? सोल्डरिंगचा हात बसलेल्या, स्वतः काही करून पाहण्याची हौस असलेल्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा. त्याचे उत्तर पंधरा वर्षांपूर्वी वेगळे होते, आज वेगळे आहे. ते का बदलले हे पाहिले तर सौर विजेत पैसा नेमका कशात जातो आणि कशात वाचतो, हेही उलगडते. माझे म्हणणे असे की, या सगळ्या यंत्रणेत घरी बनवण्यात सगळ्यात कमी फायदा कशात असेल तर तो पॅनलमध्येच. हाताच्या कामाचे मोल आहे, पण ते पॅनलच्या आधी आणि पॅनलच्या भोवती.

उजेड पडला की वीज निर्माण होते, हे फ्रान्समध्ये एडमंड बेकेरेल याने १८३९ मध्येच पाहिले होते. पण कामाला येईल असा सिलिकॉनचा सेल तयार व्हायला १९५४ उजाडले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तो बनवला, तेव्हा अंगावर पडलेल्या उन्हातले सुमारे सहा टक्केच तो विजेत उतरवत होता. त्याचा पहिला मोठा ग्राहक होता अंतराळ, कारण उपग्रहाला वीज देण्याचा दुसरा सोयीचा मार्ग नव्हता आणि तिथे किमतीची पर्वा कोणी करत नव्हते. १९७७ च्या सुमारास एका वॅटमागे सेलची किंमत ७६ डॉलरच्या घरात होती. पुढे ती उतरत गेली. जगातले एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत साधारण वीस टक्क्यांनी घटते, असा या धंद्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. मध्ये २००८ च्या आसपास शुद्ध सिलिकॉनची टंचाई झाली आणि घसरण थांबली. तयार पॅनल तेव्हा वॅटमागे चार डॉलरच्या आसपास मिळत होते. घरी पॅनल बनवण्याची लाट अमेरिकेत उठली ती नेमकी याच काळात. कारखान्यांनी कडा तुटल्यामुळे किंवा डाग पडल्यामुळे बाजूला काढलेले सेल किलोच्या भावात म्हणावे इतके स्वस्त मिळत, आणि प्लायवूडच्या खोक्यात ते बसवून वर प्लेक्सिग्लास लावला की साठ-पासष्ट वॅटचे पॅनल निम्म्याहून कमी खर्चात तयार होई. तो हिशेब त्या वेळी बरोबर होता. मग चीनमधले प्रचंड कारखाने सुरू झाले, सिलिकॉनची टंचाई संपली, आणि पॅनलची कारखान्यातली किंमत वॅटमागे पंधरा सेंटच्याही खाली गेली. घरी बनवण्याचा सगळा नफा ज्या फरकावर उभा होता, तो फरकच उरला नाही. कृती मात्र तशीच राहिली आणि आजही हातोहात फिरते आहे.

कृती अवघड नाही, हे मान्यच केले पाहिजे. सिलिकॉनचा एक सेल, मग तो लहान असो वा मोठा, काम करताना साधारण अर्धा व्होल्ट देतो. आकार वाढला की वाढतो तो विद्युतप्रवाह. सहा इंची चौरस सेल भर उन्हात आठ अँपिअरच्या आसपास प्रवाह देतो, म्हणजे सुमारे चार वॅट. बारा व्होल्टची बॅटरी भरायची तर तिच्यापेक्षा बराच जास्त दाब हवा, म्हणून छत्तीस सेल एकामागे एक जोडतात आणि अठरा व्होल्ट मिळवतात. एकाच्या वरच्या बाजूची ऋण पट्टी पुढच्याच्या खालच्या धन बाजूला, अशी ही माळ असते. सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी, त्यामुळे सोल्डरिंग गन जरा जोरात टेकली की तो तडकतो. पण दहा-बारा फोडल्यावर हात हलका होतो. संध्याकाळपर्यंत माळ तयार, दुसऱ्या दिवशी उन्हात धरली की मल्टिमीटरवर वीस-एकवीस व्होल्ट दिसतात, आणि करणाऱ्याला वाटते की जमले. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक घरगुती पॅनल चालते. कारखान्याच्या पॅनलचा मोबदला आपण देतो तो या पहिल्या दिवसासाठी नाही, पुढच्या नऊ हजार दिवसांसाठी.

नऊ हजार दिवस म्हणजे पंचवीस वर्षे. चांगल्या कंपन्या इतक्या काळानंतरही मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक निर्मितीची हमी देतात. या काळात पॅनलचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात हवेचे तापमान चाळीस असताना काचेखालचा सेल पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापतो आणि पहाटे विशीत येतो. तापले की जोडपट्टीतले तांबे सिलिकॉनच्या सहापटीहून जास्त प्रसरण पावते. पंचेचाळीस अंशांच्या चढउतारात एका सहा इंची सेलच्या लांबीवर हा फरक मिलिमीटरचा दहावा भाग होतो. ऐकायला नगण्य, पण ही ओढाताण सोल्डरच्या प्रत्येक टाक्यावर रोज होते, आणि टाके आहेत शेकडो. म्हणून कारखान्यात पट्टी ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ, ठरावीक दाबाने लावतात, आणि दोन सेलच्या मध्ये तिला किंचित सैल ठेवतात. त्यानंतरचे काम घरी करणे जवळजवळ अशक्यच. सेलच्या खाली-वर ईव्हीए नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे थर, वर कमी लोह असलेली कडक केलेली काच, खाली पाणी न शिरू देणारा थर, असे सगळे रचून ते हवा काढून घेतलेल्या यंत्रात दीडशे अंशांच्या जवळ तापवतात. ईव्हीए वितळून एकजीव होते, आत हवेचा बुडबुडाही उरत नाही. हवाच नाही म्हणजे बाष्प नाही, आणि बाष्प नाही म्हणजे गंज नाही. घरगुती पॅनलमध्ये सिलिकॉन सीलंटने कडा बुजवल्या तरी काच आणि सेल यांमध्ये हवा राहते. दिवसा ती फुगते, रात्री आकसते आणि आकसताना बाहेरची दमट हवा आत ओढते. कोकणातला एक पावसाळा यासाठी पुरेसा आहे. विकायच्या पॅनलच्या नमुन्याला ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत हजार तास ठेवतात, उणे ४० ते अधिक ८५ अंशांमध्ये दोनशे वेळा फिरवतात, आणि पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्यांचा मारा करतात. ‘आयईसी ६१२१५’ हा जो आकडा पॅनलच्या मागच्या चिठ्ठीवर दिसतो, त्याचा अर्थ हा.

टिकाऊपणाच्या खाली आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती आगीची. समजा एका टाक्याला बारीक तडा गेला आणि तिथला रोध अर्धा ओहम झाला. आठ अँपिअर प्रवाहाचा वर्ग करून त्याला अर्ध्याने गुणले की येतात बत्तीस वॅट. म्हणजे ज्या सोल्डरिंग गनने तो टाका घातला, तीच गन भर दुपारी प्लायवूडच्या खोक्यात चालू ठेवून आपण खाली जेवायला बसलो आहोत. सावलीचे गणित याहून वाईट. माळेतल्या एकाच सेलवर वडाचे पान पडले तर तो वीज बनवायची थांबतो, आणि उरलेले पस्तीस सेल आपला प्रवाह त्याच्यातून जबरदस्तीने ढकलू पाहतात. इतरांनी बनवलेली वीज मग त्या एका सेलमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. पन्नास-साठ वॅटही सहज होते. यावर उपाय म्हणून तयार पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात; ते अडलेल्या तुकड्याला वळसा घालून प्रवाहाला वाट देतात. घरगुती कृतींमध्ये हे डायोड बहुधा ‘असले तर बरे’ अशा यादीत असतात. त्यात ही वीज एकदिश. घरातला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी ती विझायची शक्यता असते. एकदिश प्रवाहाची ठिणगी धरून बसते. आणि पॅनलला बंद करायचे बटण नसते. ऊन आहे तोवर ते चालूच.

इतके सारे ऐकूनही कोणी म्हणेल, धोका सांभाळू, पाच वर्षे टिकले तरी चालेल, स्वस्तात तर पडते ना? तर आता पैशांचा हिशेब. ‘पीएम सूर्यघर: मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात सरकारने पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे पन्नास हजार आणि तिसऱ्यासाठी पंचेचाळीस हजार असा आधारखर्च धरला आहे. त्यावरचे अनुदान दोन किलोवॅटपर्यंत साठ टक्के, पुढच्या किलोवॅटला चाळीस टक्के. म्हणजे एका किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ, आणि तीन किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. प्रत्यक्ष बाजारात यंत्रणा आधारखर्चाहून महाग पडते हे खरे. पण त्यातला पॅनलचा वाटा किती? वॅटमागे पंचवीस रुपये धरले तर तीन किलोवॅटचे पॅनल पंचाहत्तर हजारांचे. उरलेला खर्च इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, केबल, अर्थिंग, वीज पडण्यापासून संरक्षण, मीटर आणि मजुरी यांचा. पॅनल कुठूनही आणले तरी तो चुकत नाही. अनुदानाची अट अशी की पॅनल देशात बनलेले हवे, त्यातले सेलही देशात बनलेले हवेत, आणि पॅनल सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतले हवे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बनवलेले पॅनल या यादीत कधीच येणार नाही. म्हणजे ते अगदी फुकटात तयार झाले तरी वाचतात पंचाहत्तर हजार आणि हातचे जातात अठ्ठ्याहत्तर हजार. घरगुती पॅनलच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद इथेच संपतो, असे मला वाटते.

तरी वाद इतक्यावर थांबत नाही. ‘मला अनुदान नको, परवानगी नको, महावितरणच नको, मी बॅटरी लावीन’ असे म्हणणारे असतात, आणि त्यांच्या वैतागाला कारणे आहेत. पण बॅटरीचा हिशेब त्यांच्या बाजूने नाही. घरोघरी इन्व्हर्टरला असते तशी दीडशे अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. तिचे आयुष्य टिकवायचे तर रोज निम्मीच रिकामी करावी, म्हणजे पदरात पडते सुमारे एक युनिट. अशा बाराशे-पंधराशे फेऱ्यांनंतर ती उतरते. पंधरा हजार रुपये भागिले तेराशे युनिट, म्हणजे वीज साठवण्याचाच खर्च युनिटमागे अकरा-साडेअकरा रुपये. तारेवरून येणारी पहिल्या शंभर युनिटांची वीज याहून पुष्कळ स्वस्त आहे. नेट मीटरिंगमध्ये हा खर्च वाचतो, कारण दिवसाची जास्तीची वीज ग्रिडकडे जाते आणि संध्याकाळी तितकीच परत घेता येते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनी ही सोय दिली आहे. काही जण तिसरी वाट काढतात: ग्रिडशी जोडायचा छोटा ‘ग्रिड-टाय’ इन्व्हर्टर आणून त्याची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची, कोणाला सांगायचे नाही. यात दोन गोष्टी होतात. अनेक जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरना विजेची दिशा कळत नाही. बाहेर गेलेली वीजही ते वापर म्हणून मोजतात आणि उन्हातून कमावलेल्या युनिटांचे बिल आपल्यालाच येते. दुसरी गोष्ट जिवाची. लाइन बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला खालच्या घरातून येणाऱ्या विजेचा पत्ता नसतो. प्रमाणित इन्व्हर्टर ग्रिड गेली की क्षणात स्वतः बंद होतो, तो याचसाठी. लोकांना हे खटकते: छतावर पॅनल असूनही लोडशेडिंगमध्ये घर अंधारात कसे? पण ती खोट नाही, ती खबरदारी आहे.

एक आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो पैशांचा नाही. सगळे कारखान्यातून विकत घ्यायचे, अनुदानाची वाट पाहायची, तर मग ऊर्जेतले स्वावलंबन कुठे राहिले? याला उत्तर म्हणून राजस्थानातल्या डुंगरपूरकडे पाहावे. मुंबईच्या आयआयटीच्या मदतीने तिथल्या आदिवासी महिलांनी ‘दुर्गा’ नावाने ओळखली जाणारी स्वतःची सौर कंपनी उभी केली आणि त्या पॅनल बनवतात. आधी त्यांनी अभ्यासाच्या सौरदिव्यांची जुळणी केली, मग पॅनलकडे वळल्या. म्हणजे अडचण ना शिक्षणाची, ना हातांच्या कौशल्याची. पण त्या पॅनल बनवतात ते कारखान्यात, लॅमिनेशनच्या आणि तपासणीच्या यंत्रांवर. याच राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात लिहितावाचता न येणाऱ्या आज्या दिव्यांची सर्किटे जोडायला शिकतात आणि आपापल्या गावी जाऊन दुरुस्त्या करतात. पॅनल तिथेही तयारच घेतले जाते. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. घराघरावरची यंत्रणा तिथल्या कुटुंबांची स्वतःची आहे, आणि कोणाला तिथे सिलिकॉनच्या पट्ट्या जोडत बसावे लागलेले नाही. स्वावलंबन निर्मितीच्या मालकीत आणि दुरुस्तीच्या ज्ञानात असते. विद्यार्थ्याने चार-सहा सेलचे पॅनल बनवून त्यावर छोटी मोटर फिरवावी हे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. वीज आणि उजेड यांचा संबंध कळायला त्याहून चांगला प्रयोग नाही, आणि दोन-तीन व्होल्टवर कोणाचे छप्पर जळत नाही.

मग हौस आणि हात कुठे वापरायचे? पहिले उत्तर: उष्णतेत. सौर पॅनल उन्हातली साधारण वीस-बावीस टक्के ऊर्जा विजेत उतरवते. काळ्या रंगाचा साधा पत्रा त्याच उन्हातला निम्म्याहून अधिक भाग उष्णता म्हणून पाण्याला देऊ शकतो. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला २.९ युनिट लागतात. चौघांच्या घरात गिझर रोज इतके खातो, म्हणजे महिन्याला ऐंशी-नव्वद युनिट. हेच पाणी दोन चौरस मीटरचा सौर बंब तापवतो. आणि याची घरगुती आवृत्ती खरोखर घरी बनवण्यासारखी आहे: बाहेरून काळा मॅट रंग दिलेली टाकी, ती बसेल असे पेटीसारखे कोंदण, तिन्ही बाजूंनी ग्लासवूल, वर तिरकी काच, टाकीला हवा जायला उघडी नळी. यात झिरपणारे बाष्प, तुटलेला टाका, ठिणगी यांचा प्रश्न येत नाही. काच फुटली तर नवी बसवायची. रात्री पाणी निवते, म्हणून अंघोळ सकाळऐवजी संध्याकाळी करावी लागेल, इतकीच तडजोड. उष्णतेच्या ताकदीचा मोठा नमुना पाहायचा तर शिर्डीचा. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ पासून ७३ आरसेवाल्या तबकड्या वाफ बनवतात आणि तिच्यावर हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो. वीज ही ऊर्जेची सगळ्यात महाग जात आहे. ऊन आधी विजेत आणि ती वीज पुन्हा गरम पाण्यात उतरवायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला?

दुसरे उत्तर इतके साधे आहे की ते सांगताना संकोच वाटावा. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा ३० वॅटच्या आसपास. चार पंखे, दिवसाचे बारा तास. फरक होतो २.१६ युनिटांचा. ५४० वॅटचे एक मोठे पॅनल महाराष्ट्रात दिवसाला सरासरी एवढीच वीज देते, कारण एका किलोवॅटमागे इथे चार युनिटांची सरासरी धरतात. म्हणजे पंखे बदलणे हेच एक पॅनल बसवणे झाले, आणि हे ‘पॅनल’ पावसाळ्यात आणि रात्रीही चालते. महिन्याला वाचतात पासष्ट युनिट. त्यांची किंमत मात्र बिलात कोणत्या टप्प्यावर बसते त्यावर ठरते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांपेक्षा पुढच्या दोनशेंचा दर साधारण दुप्पट असतो. दीडशे-पावणेदोनशे युनिट वापरणाऱ्याने बचत केली की कमी होतात ती वरची, महाग युनिटे. म्हणून सौर यंत्रणेचा आकार ठरवण्याआधी बारा महिन्यांची बिले समोर घेऊन बसावे, वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार असे रकाने वेगळे वाचावेत. स्थिर आकार यंत्रणा बसवूनही द्यावाच लागतो; ‘शून्य बिल’ म्हणून सांगणारे हे सांगायला विसरतात. आधी वापर कमी केला तर तीन किलोवॅटऐवजी दोनमध्ये भागते. बसवणारा हे स्वतःहून सांगेल अशी अपेक्षा करू नये. त्याचे पोट मोठ्या यंत्रणेवर चालते.

तिसरे काम गच्चीवरचे. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य पुण्यात भर दुपारीही क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशच वर येतो. दक्षिणेकडच्या दोन मीटर उंच पाण्याच्या टाकीची सावली त्या वेळी पावणेदोन मीटरवर पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. मे महिन्यात पाहणी करणाऱ्याला ती दिसतच नाही. त्यामुळे हिवाळ्यातल्या एका दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी खडूने सावली आखून ठेवली, तर ते काम कोणत्याही तज्ज्ञाच्या धावत्या भेटीपेक्षा उपयोगी. सांगाड्याकडेही स्वतः लक्ष घालावे. ताशी १२० किलोमीटर वाऱ्यात दोन चौरस मीटरच्या पॅनलवर सुमारे १३५ किलो वजनाइतका जोर येतो; जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा वारे याच वेगाच्या आसपास होते. गावातला फॅब्रिकेटर हा सांगाडा उत्तम बनवू शकतो, मात्र पाइप गरम जस्ताच्या कढईत बुडवून काढलेला हवा. चंदेरी रंग मारलेला नको, समुद्राजवळ तर मुळीच नको. मग उरते सफाई. साखर कारखान्याच्या परिसरात बगॅसची राख, वीटभट्टीजवळ काजळी, शहरात बांधकामाची धूळ. पाऊस नसताना पंधरा दिवसांनी पॅनल पुसले नाही तर निर्मिती दिसण्याइतकी घटते. पुसायचे ते सकाळी लवकर, कारण दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे बरे नाही. बोअरचे जड पाणी वाळून जे पांढरे डाग राहतात, तेही मग सावलीचेच काम करतात.

या साऱ्यात एक माणूस मात्र उपेक्षित राहतो, आणि घरगुती पॅनलचा मोह नेमका त्यालाच जास्त असतो: ज्याचे छप्पर स्वतःचे नाही तो. भाडेकरूला अनुदान नाही, चाळीतल्या वा इमारतीतल्या रहिवाशाला गच्चीवर एकट्याचा हक्क नाही. सोसायटीला लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॅटमागे अठरा हजार रुपये मिळतात, पण त्यासाठी सभेत ठराव मंजूर व्हावा लागतो, आणि सोसायटीच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगायला नको. जर्मनीने २०२४ मध्ये बाल्कनीच्या कठड्याला टांगायच्या, आठशे वॅटपर्यंतच्या यंत्रणांचे नियम आणखी सोपे केले. भाडेकरूही ती स्वतः लावतो, सरकारी नोंदणी करतो आणि पिन सॉकेटमध्ये घालतो. तिथेही लोक पॅनल बनवत नाहीत, फक्त टांगतात. आपल्याकडे ग्रिडला जोडायचे तर वीज कंपनीची परवानगी लागते, त्यामुळे अशा घराने ग्रिडपासून पूर्ण वेगळी, बारा व्होल्टची छोटी वायरिंग करावी: शंभर वॅटचे एक तयार पॅनल, चार्ज कंट्रोलर, दोन हजारांहून जास्त फेऱ्या टिकणारी लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी, आणि तिच्यावर डीसी पंखा, तीन-चार दिवे, मोबाइलचा चार्जर. बॅटरीच्या दोन्ही टोकांना आणि पॅनलच्या तारेत डीसी फ्यूज, तारा जाड, जोड उघडे नाहीत. दिवसाला मिळतील तीन-साडेतीन दशांश युनिट, म्हणजे महिन्याला दहा. बिलात यामुळे शंभर रुपयांचाही फरक क्वचितच पडेल, त्यामुळे बचतीसाठी ही यंत्रणा घेऊ नये. जिथे दिवसाचे चार तास वीज जाते, मुलांच्या अभ्यासाच्या वेळी अंधार होतो, तिथे तिचा उपयोग रुपयांत मोजायचा नसतो. आणि घर बदलताना चार नट सोडवले की सगळी यंत्रणा बिऱ्हाडाबरोबर टेम्पोत चढते.